दीड तास आणि डॉ. गिऱ्हे

परवा फोनवर मिहीरने विचारलं, "आजी, आबांच्या डॉक्टरांना तू कधी थँक्यू म्हटलंस का?" मी नाही म्हटलं. "का?" म्हणाला. ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, शिवाय आबा शेजारीच कान देऊन बसले होते. म्हणून तुम्हा दोघा नातवंडांसाठी लिहिते. अन्वीला मराठी वाचायला वेळ लागतो. तिने सावकाश वाचावं, पण इंग्रजीत करून मागू नये. गिऱ्हे डॉक्टर इंग्रजीत मावणार नाहीत.

आधीच सांगून टाकते की हा माणूस मला आवडत नाही. त्यांनी आबांची पाठ सरळ केली हे खरं आहे. तरी आवडत नाही.

तुम्ही दोघं मागे सुट्टीत आला होतात तेव्हा आबा थोडेच वाकलेले होते. पुढची तीन वर्षं तुम्ही आला नाहीत आणि तेवढ्यात ते फार वाकले. कमरेतून पुढे असे झुकले की आमच्या अमरावतीच्या कॉलनीत सकाळी फिरायला निघाले तर समोरच्याला आधी त्यांचं टक्कल दिसे. कोणाचा चेहरा पाहायचा तर गुडघे वाकवून, मान उचलून पाहावं लागे. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं कालव्यांचे उतार मोजलेला माणूस. एकदा घरी येऊन पायरीवर बसले आणि म्हणाले, "मी लोकाच्या चपलांले जयभीम करून राहिलो व." आम्ही दोघंही हसलो. नंतर मी स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही.

त्यांचं कमरेचं एक ऑपरेशन आधी झालं होतं, चौदा वर्षांपूर्वी, अकोल्यात. सहा स्क्रू आणि दोन दांड्या. ते डॉक्टर आता हयात नाहीत आणि त्या हॉस्पिटलच्या इमारतीत शिकवणीचे वर्ग चालतात. ती कंबर तिथे सपाट राहून गेली, आणि वय वाढलं तसा वरचा सगळा कणा पुढे कलत गेला. अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं की हे काम मोठं आहे, अकोल्याला गिऱ्हेंना दाखवा. आणि आबांच्या हृदयाच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, सहा तासांपर्यंत मी काही म्हणणार नाही. त्यापुढच्या प्रत्येक तासाला मला भीती वाटेल."

म्हणून मला तास हवे होते. पुढचं सगळं वाचताना एवढं ध्यानात ठेवा. वेळेचं वेड मला उगाच लागलेलं नव्हतं.

गिऱ्हे डॉक्टर म्हणजे बुटका माणूस, मनगटं जाड, केसांना तेल, अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट. तपासण्याच्या खोलीत अनवाणी वावरायचे. शर्टाच्या खिशात फुटाणे, आणि तुमच्याशी बोलता बोलता ते खायचे. आईवडील अकोल्याजवळ भाजीपाला पिकवून बाजारात विकत. डॉक्टर शाळेत जाण्याआधी मेथीच्या जुड्या बांधत, असं त्यांच्या सिस्टर रेखाताईंनी मला पुढे सांगितलं. "सरांची गाठ पाहा मॅडम," त्या म्हणाल्या, "अजून मेथीचीच हाये." त्यांना त्याचं कौतुक होतं. मला तेव्हा ते कौतुक ऐकायचं नव्हतं.

खोलीची एक भिंत त्यांनी कितीतरी वर्षांत रंगवलेली नव्हती. पेशंटला अनवाणी करून, टाचा भिंतीला टेकवून उभं करायचं, आणि डोकं भिंतीपासून किती पुढे राहतं ते स्वतःच्या मुठीने आणि बोटांनी मोजायचं, ही त्यांची रीत. मग जिथवर उंची आली तिथे पेन्सिलीने एक आडवी रेघ. ऑपरेशननंतर दुसरी रेघ, पहिलीच्या वर. भिंतभर अशा रेघा होत्या आणि एकीपुढेही नाव नव्हतं. मी पस्तीस वर्षं कॉलेजची ग्रंथपाल होते. त्या भिंतीकडे मला पाहवेना.

"दोन मुठी अन् तीन बोटं," आबांच्या डोक्यामागे हात घालून ते म्हणाले. "गंज दिवस लावले बाप्पा तुमी." गंज म्हणजे आमच्याकडे पुष्कळ.

मी माझी फाइल पुढे केली. रंगीत खुणांचे कागद लावून सात भाग केले होते, सुरुवातीला अनुक्रमणिका होती आणि अकरा प्रश्न टाइप केलेले होते. त्यांनी फाइल उलटी करून हलवली, एक्स-रे आणि एमआरआय तेवढे काढून घेतले आणि बाकीची मला परत दिली.

"पहिला प्रश्न," मी म्हटलं. "ऑपरेशनला किती वेळ लागेल?"

"काहून? तुमाले गाडी पकडाची हाये?"

"मला आखणी करावी लागते, डॉक्टर."

"कोनता वेळ पायजे तुमाले? दारातून आत नेल्यापासून बाहेर आनेपर्यंतचा, का चाकू लावल्यापासून टाक्यापर्यंतचा?"

असे दोन वेळ असतात हे मला ठाऊक नव्हतं. तसं मी सांगितलं.

"मंग प्रश्न कायले टाइप केला?"

बाहेरच्या बाकावरचे दोन पेशंट हसले. दार उघडंच असे त्यांचं, कायम.

मग त्यांनी माझ्या हातातली प्रश्नांची यादी घेतली, पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर भेंडीसारखं काहीतरी काढलं आणि फुटाणे चावत बोलू लागले. त्यांनी सांगितलेलं मी तेव्हाच लिहून घेतलं, म्हणून शब्द त्यांचेच आहेत. "हा कना. इथपासून खाली थेट कमरेच्या मोठ्या हाडापर्यंत स्क्रू टाकाचे. एक मनका वाढला का वेळ वाढला. मंग हे मधातलं हाड टरबुजाची फाक काढतो तसं त्रिकोनी कापून काढाचं अन् मागून मिटवाचं. त्याचा वेळ वेगळा. रक्त किती जाते, ते वेगळं. हाड कसं हाये, गाजरासारखं का भिजल्या बिस्किटासारखं, ते वेगळं. वजन किती. संग कोन उभं हाये. मायासंग दुसरा हुशार सर्जन असला त तासभर वाचते, नवशिका असला त तासभर जाते. अन् सगळ्यात जास्त वेळ कोन खाते, सांगा?"

मी लिहीतच होते.

"पह्यले येऊन गेलेला. जुनं ऑपरेशन. आत सगळं चिकटून बसते. अन् त्याचे स्क्रू काढाचे त त्याच कंपनीचा पाना लागते बाई. दुसऱ्याचा पाना लावला त स्क्रूचं डोकं घासते, अन् मंग बसा कोरत. त्या ऑपरेशनचा कागद द्या. स्टिकर लावलेला असते तो."

आता माझ्याकडून काय झालं होतं ते सांगते. निवृत्त झाल्यावर चार महिने मी घरातले सगळे कागद लावले. आबांच्या जुन्या ऑपरेशनचे कागद पिवळे पडले होते आणि स्टिकरच्या गोंदाला कसर लागली होती. मी सगळं नव्या वहीत सुवाच्य उतरवून काढलं: तारीख, मणका, स्क्रू सहा, दांड्या दोन, टाके किती. स्टिकरवरचं कंपनीचं नाव आणि लांबलचक नंबर मात्र उतरवले नाहीत. ती मला जाहिरात वाटली. आयुष्यभर मी नव्या पुस्तकांवरची चकचकीत वेष्टणं काढून टाकत आले होते, आत पुस्तक असतं म्हणून. प्रत तयार झाली आणि मूळ कागद मी रद्दीत दिले.

गिऱ्हे डॉक्टरांनी माझी वही वाचली. "अक्षर छान हाये," म्हणाले. "कंपनी कुठी हाये?"

"त्या हॉस्पिटलने तो कागद दिलाच नव्हता," मी म्हटलं.

आबा भिंतीला टेकून तसेच उभे होते. रद्दीवाल्याला गठ्ठा देताना त्यांनी मला पाहिलं होतं. मान उचलता येत नव्हती म्हणून नुसते डोळे वर करून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. "जाऊ द्या. मले डोळे हायेत. हे स्क्रू मी वळखतो." आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवते.

पुढचे सहा महिने त्यांनी आम्हाला नुसतं तयारीत ठेवलं. हाडं मजबूत करायची इंजेक्शनं, नऊ किलो वजन कमी, रोज श्वासाचे व्यायाम. आणि खर्रा बंद. आबांचा खर्रा तुम्हाला माहीत नाही, तुमच्यासमोर ते खात नसत. सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकवर घोटलेला. आमच्या वऱ्हाडात अर्ध्या माणसांच्या गालात असतो. तंबाखूने हाड जुळत नाही, आणि हाड जुळलं नाही तर स्क्रू पुन्हा हलतात. मी भिंतीवर तक्ता लावला. रोज रात्री आबा सांगायचे, "नाही खाल्ला," आणि मी खूण करायचे. एकशे बारा खुणा झाल्या. डॉक्टरांनी तारीख दिली आणि मिहीर, तू रजा काढून आलास.

ते तुला आठवतच असेल. आदल्या दुपारी आबांना वॉर्डात घेतलं होतं. गिऱ्हे आले, अनवाणी, आणि आबांच्या पलंगाशी वाकले. मला वाटलं छाती तपासतील. त्यांनी वास घेतला.

"कवा खाल्ला?"

"सकाळी," आबा म्हणाले. "अर्धाच."

"उठा. घरी जा."

"डॉक्टर, माझा नातू एवढ्या लांबून आला आहे," मी म्हटलं. "त्याची रजा..."

"नातवाच्या रजेवर हाड जुळते काय? दोन महिन्यानं येजा."

मी तक्ता दाखवला. घडी घालून पर्समध्ये आणला होता. त्यांनी तो उलगडला, सगळ्या वॉर्डाला दिसेल असा धरला आणि म्हणाले, "पाहा रे. असा खोटा हिशेब मी सरकारी कचेरीतबी नाही पायला." तक्ता त्यांनी परत दिला नाही. रेखाताईंच्या हातात दिला. त्यांनी त्याचं काय केलं मी कधी विचारलं नाही.

खर्रा आबांच्या स्कूटरच्या हेल्मेटमध्ये, अस्तराच्या आत सापडला. तू ऑपरेशन न होताच परत गेलास. विमानतळावरून तू फोन केलास तेव्हा मी त्या माणसाला जे काही म्हटलं, ते इथे लिहीत नाही. पण त्या दिवसापासून आबांनी खर्रा सोडला. माझ्या तक्त्याने सुटला नव्हता, त्यांच्या हाकलण्याने सुटला. मला त्याचाही राग आहे.

दोन महिन्यांनी नवी तारीख मिळाली. धामणगावहून प्रमिला आली, आबांची धाकटी बहीण. सकाळी साडेसातला आबांना आत नेलं. मी वही उघडून वेळ लिहिली. सव्वानऊला रेखाताई बाहेर आल्या. "नऊ वाजता सुरू झालं, मॅडम."

"मग दीड तास काय करत होते?"

"पालथं झोपवून राहिले होते. डोळ्यावर, छातीवर, कोपरावर कुठीच दाब नाही आला पायजे. मंग नळ्या, मंग वायरी. सर स्वतः उशा लावते. कोनाले हात लावू देत नाही."

रेखाताईंना जरा बोलतं केलं तर त्या खूप सांगत. थिएटरमधलं घड्याळ गिऱ्हेंनी स्वतःच्या पाठीमागच्या भिंतीवर लावून घेतलं होतं. किती वाजले हे ते कधी विचारत नसत, रक्त किती गेलं तेवढं विचारत. एकदा एका बड्या माणसाच्या मुलाने मधेच निरोप पाठवला की आणखी किती वेळ. उत्तर आलं, "तू जितल्या वेळा विचारशीन तितका." हे सगळं त्या हसून सांगत. मी हसले नाही. मीही तेच विचारत होते.

दहा, अकरा, बारा. मी दर तासाला ओळ लिहीत होते. "वहिनी," प्रमिला म्हणाली, "लिहून लिहून का ते लवकर होन काय?" तिने डबा उघडला. भाकरी आणि वांग्याची भाजी. मी झाकण लावून ठेवलं.

बारा वीसला दार उघडलं आणि रेखाताई धावत आल्या. "मॅडम, सर विचारून राहिले. जुने स्क्रू निघून नाही राहिले. पाना बसतच नाही. कंपनीचं काही म्हंजे काहीच आठवत नाही काय तुमाले?"

आम्हाला कागद दिलाच नव्हता, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. आठ महिने मी तेच सांगितलं होतं. डॉक्टरांना, प्रमिलाला, तुम्हालाही. रेखाताई दोन्ही हात वर धरून उभ्या होत्या. आत आबांची पाठ उघडी होती. मी फार वेळ घेतला असं मला वाटतं. प्रमिला म्हणते, घेतला नाही.

"कागद होता," मी म्हटलं. "मी रद्दीत दिला. हिरवी चौकट होती आणि कोपऱ्यात सूर्यफुलासारखं चिन्ह. नावात तीन अक्षरं, मधलं आर."

मी पस्तीस वर्षं पुस्तकांच्या पाठी वाचल्या आहेत. जे उतरवून घेतलं नाही तेही डोळ्यांत राहतं.

"वहिनी!" प्रमिला म्हणाली. "तुमी?"

रेखाताई गेल्या. दार पूर्ण बंद व्हायच्या आत आतून आवाज आला: "हिरवी चौकट? मंग पह्यले काहून नाही बोलली ते बाई!"

ती कंपनी मधल्या काळात दुसरीत विलीन झाली होती, पण पान्यांची पेटी अमरावतीच्या एका पुरवठादाराकडे निघाली. तो गाडीत घालून निघाला. जिथून आदल्या दिवशी आम्ही आलो होतो तिथूनच ती येणार होती, तेवढाच रस्ता. ती येईपर्यंत गिऱ्हेंनी कामाचा क्रम बदलला. खालचं जुनं तसंच ठेवून वरच्या मणक्यांत नवे स्क्रू बसवून घेतले. पेटी अडीचला आली. तीनला सहा तास पूर्ण झाले. हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलेली हद्द ती. त्यानंतर मी वहीत काही लिहिलं नाही. पानं नुसती उलटत होते. प्रमिलाने शेवटी वही माझ्या हातातून काढून घेतली आणि माझे हात तिच्या मांडीवर धरून ठेवले.

सात वाजता ते बाहेर आले. अनवाणी, टोपी हातात, गालात फुटाणे. बाहेर तीसेक माणसं बसलेली.

"आबा बरे हायेत. दोनी पाय हलवले."

प्रमिला रडायला लागली. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. घसा साफ करून, मोठ्या आवाजात, शेवटच्या बाकापर्यंत जाईल असं म्हणाले:

"आठ तासाचं काम होतं. साडेनऊ लागले. दीड तास या बाईनं खाल्ला. कागद रद्दीत देल्ला अन् मायापुढे खोटं बोलली. तुमीबी सगळे ऐकून घ्या. घरचे कागद फेकू नका. फेकले असन त खोटं बोलू नका."

तीस माणसांनी माझ्याकडे पाहिलं. तेल्हाऱ्याकडचे एक म्हातारे होते, त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, शाळेत धडा चुकलेल्या पोरीकडे हलवतात तशी. मी सत्तर वर्षांची होते. माझ्या आयुष्यात कोणी मला असं चारचौघांत उभं केलं नव्हतं.

मला यातलं काहीच नाकारता येत नव्हतं. त्यांनी सांगितलेला शब्द न् शब्द खरा होता.

निदान त्या संध्याकाळी मला तसं वाटलं. तिसऱ्या दिवशी अतिदक्षता विभागाच्या दाराशी रेखाताई माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. इकडे तिकडे पाहून हळूच म्हणाल्या, "मॅडम, मनाले लावून घेऊ नका. सरांनी एकच पेटी मागवली होती. मी म्हटलं होतं, दोन-तीन कंपन्यांच्या मागवून ठेवू, कागद नाही त. त म्हणे मले डोळे हायेत."

मी आबांच्या सुटीच्या कार्डाची वाट पाहिली. ते मिळालं. त्यात एक रकाना होता: वेळ वाढल्याचं कारण. त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, "जुन्या शस्त्रक्रियेचा कागद नातेवाईकांनी नष्ट केला." खाली सही. एका पेटीबद्दल काही नव्हतं.

तुम्हाला वाटेल आजी एका ओळीला धरून बसली. धरूनच बसले. ज्या माणसाने माझ्या चुकीची नोंद केली त्याने स्वतःच्या चुकीची जागा कोरी ठेवली. मला खोटं बोलणाऱ्यांची चीड नाही, मी स्वतः बोलले. चीड आहे ती नोंद अर्धी ठेवण्याची. घरी आल्यावर मी त्या कार्डाची प्रत काढली नाही. मूळ कार्डच प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ठेवलं. आता मी मूळ कागदच ठेवते.

आबा हळूहळू उभे राहिले. आधी वॉकर, मग काठी, मग कॉलनीच्या नाक्यापर्यंत. एक दिवस परत येऊन म्हणाले, "आज समोरच्या पाटलाच्या डोळ्यात पाहून जयभीम घातला. तो आता मायापेक्षा बुटका हाये व."

वर्षभराने शेवटच्या तपासणीला आम्ही अकोल्याला गेलो. दार उघडंच. बाहेर बाकावर दहाबारा माणसं. आबांनी बूट काढले आणि टाचा भिंतीला टेकवल्या. डोकं टेकलं. डॉक्टरांनी हात मागे घालून पाहिला, एक बोटही जाईना. जुन्या रेघेच्या वर त्यांनी नवी रेघ ओढली आणि म्हणाले, "या. आता येऊ नका."

मी कार्ड टेबलावर ठेवलं. बाकावरच्या माणसांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलले. त्यांच्याकडूनच शिकले होते.

"डॉक्टर, दीड तास माझा होता. पण एकच पेटी तुम्ही मागवलीत. तुमचे डोळे चुकले. ते या रकान्यात नाही."

रेखाताई पट्ट्यांच्या डब्यात काहीतरी शोधू लागल्या. आबांनी बुटात घातलेला एक पाय परत बाहेर काढला.

गिऱ्हेंनी खिशातून फुटाणे काढले, तळहातावर चोळून सालं उडवली. माझ्याकडे पाहिलं नाही. हनुवटीने मागच्या भिंतीकडे दाखवलं. तिथे काचेचं नवं कपाट होतं आणि त्यात स्टीलच्या पेट्या, एकावर एक, पाच. प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि त्यांच्या वाकड्या अक्षरात कंपनीचं नाव.

"ते कपाट दिसून राहिलं काय?"

"दिसतंय."

"तुमच्यानंतर आलं."

"मग कार्डावर लिहा."

"कार्ड पेशंटचं असते, बाई. कपाट मायं हाये." आणि कार्ड त्यांनी माझ्याकडे सरकवलं, एका बोटाने, एक अक्षरही न लिहिता.

नमस्कार मी केला नाही. त्यांनीही केला नाही. आबांनी दोघांच्या वाटचा करून टाकला.

आम्ही बाहेर बाकावर टेकलो, कारण आबांना बूट घालायला वेळ लागतो. कंबर वाकत नाही ना आता. जेवणाची वेळ झाली होती. बाकी लोक उठून गेले. दार नेहमीसारखं उघडं. मी सहज आत पाहिलं. गिऱ्हे डॉक्टर एकटेच होते. ते रेघांच्या भिंतीपाशी गेले, पाठ फिरवली, अनवाणी टाचा भिंतीला टेकवल्या आणि सरळ उभे राहिले. म्हणजे, राहायला गेले. डोकं टेकलं नाही. कितीतरी वर्षं आठ-आठ, दहा-दहा तास दुसऱ्याच्या पाठीवर वाकून उभा राहिलेला माणूस. त्यांनी हात उचलून स्वतःच्या डोक्यामागे घातला आणि मोजलं. मूठ गेली. वर दोन बोटं गेली. मग त्यांनी मला पाहिलं.

"काय पायता? तुमचा नंबर झाला."

हात त्यांनी तसाच ठेवला होता, डोकं आणि भिंतीच्या मधे. पेन्सिल कानावर होती, पण रेघ ओढली नाही.

गाडीत बसल्यावर मी आबांना सांगितलं. मूर्तिजापूर मागे पडलं. मग सीटला सरळ टेकून, समोर रस्त्याकडे पाहत म्हणाले, "त्याचं ऑपरेशन कोन करन? अन् किती तास लागन व?"

"कोणाला माहीत," मी म्हटलं. "पण तो दुसऱ्या डॉक्टरला सगळं खरं सांगेल तर दीड तास कमी."